फुप्फुसाचा कॅन्सर: फाइल, ताट आणि वजनकाटा

घरात कुणाला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला की आठवडाभरात त्या घरातली साखर बंद होते, दूध बंद होतं, अंडी-मासे बंद होतात. कुणी गव्हांकुराचा रस सुरू करतं, कुणी लक्ष्मणफळ शोधायला निघतं, आणि कुठल्याशा गावच्या औषधाचा नंबर मोबाइलवर येऊन पडतो. पण कॅन्सर नेमका कोणत्या प्रकारचा आहे असं विचारलं, तर घरात एकालाही सांगता येत नाही. ‘लंगचा आहे, चौथी स्टेज आहे’ एवढंच. हा क्रम उलटा आहे. आधी फाइल नीट वाचा, मग ताटाकडे वळा.

फुप्फुसाच्या कॅन्सरचे ढोबळमानाने दोन गट आहेत: ‘स्मॉल सेल’ आणि ‘नॉन-स्मॉल सेल’. शंभरातले साधारण ८५ रुग्ण दुसऱ्या गटातले असतात. स्मॉल सेल झपाट्याने पसरतो आणि त्याचे उपचारही तातडीने सुरू करावे लागतात. नॉन-स्मॉल सेलमध्ये ‘ॲडिनोकार्सिनोमा’ हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. कधी विडीला हात न लावलेल्या बायकांना होतो तो बहुधा हाच. चुलीचा धूर, घरातल्या दुसऱ्या कुणाची सिगारेट, शहरातली हवा ही कारणं असू शकतात. पुष्कळदा एकच एक कारण सांगता येत नाही. म्हणून ‘पण त्या तर ओढत नव्हत्या’ हे वाक्य भेटायला येणाऱ्यांनी टाळावं. जो ओढत होता त्यालाही ‘केलंस ना शेवटी’ ऐकवून काही साधत नाही. त्याला सिगारेट सोडायला मदत मात्र जरूर करा. निदान झाल्यानंतर सोडली तरी उपयोग होतो. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे.

आपल्याकडे आणखी एक घोळ हमखास होतो. एक्स-रेमध्ये डाग दिसतो, खोकला असतो, वजन उतरलेलं असतं, आणि टीबीच्या गोळ्या सुरू होतात. थुंकीच्या तपासणीत जंतू सापडलेले नसताना केवळ डागावरून औषध सुरू झालं असेल आणि दीड-दोन महिन्यांत फरक पडत नसेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘सीटी स्कॅन आणि बायोप्सी करून घ्यायची का?’ सुई लावली की कॅन्सर पसरतो ही भीती घराघरात आहे. तिच्यापायी बायोप्सी लांबवू नका. तुकडा तपासल्याशिवाय कोणताही शहाणा डॉक्टर उपचार ठरवणार नाही.

बायोप्सीच्या रिपोर्टनंतर आणखी एक तपासणी असते, आणि ॲडिनोकार्सिनोमाच्या रुग्णाने तिच्याबद्दल आवर्जून विचारायला हवं. त्याच तुकड्यातून गाठीच्या जनुकांमधले बदल शोधतात: ईजीएफआर, एएलके, आरओएस-वन वगैरे. जोडीला, इम्युनोथेरपीचा (शरीराच्या प्रतिकारशक्तीला गाठीविरुद्ध जागवणाऱ्या औषधांचा) अंदाज घेण्यासाठी, पीडी-एलवन ही चाचणी होते. भारतातल्या ॲडिनोकार्सिनोमाच्या रुग्णांत साधारण चारातल्या एकाला ईजीएफआरचा बदल सापडतो. तो सापडला तर गेफिटिनिब, एर्लोटिनिब, ओसिमर्टिनिब अशा गोळ्यांचा रस्ता खुला होतो. एएलके सापडला तर गोळ्या वेगळ्या. चौथ्या स्टेजचे रुग्णही या गोळ्यांवर कामावर जाताना दिसतात. गाठ मुळासकट जात नाही, पण बराच काळ दबून राहते.

रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात आणि घरच्यांचा धीर सुटतो. ‘काहीतरी सुरू करा हो’ म्हणून डॉक्टरांच्या मागे लागतात. रुग्णाची प्रकृती थांबू देत असेल तर थांबणंच बरं. त्याला कारण आहे. आधी इम्युनोथेरपीचं इंजेक्शन दिलं आणि पाठोपाठ ओसिमर्टिनिब सुरू झालं, तर फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. म्हणजे घाईत दिलेलं महागडं औषध नंतरच्या योग्य औषधाची वाट अडवू शकतं. प्रकृती थांबण्यासारखी नसेल तर डॉक्टर केमोने सुरुवात करतात आणि रिपोर्ट आल्यावर दिशा बदलतात. दोन्ही बरोबर आहे. फक्त आपल्या बाबतीत काय ठरलंय आणि का, हे विचारून घ्या.

एकच उपचार सर्वांना नसतो आणि नवा तो सगळा परदेशातूनच येतो असंही नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी ३५० रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. नुसत्या गेफिटिनिबवर आजार साधारण ८ महिने आटोक्यात राहत होता. जोडीला केमो दिल्यावर तो काळ सुमारे १६ महिने झाला. दुष्परिणामही वाढले. सत्तरीच्या, अशक्त आजीला तो सौदा परवडेल का, हे आजी, घरचे आणि डॉक्टर यांनी मिळून ठरवायचं असतं.

दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसते मोबाइलवर काढलेले फोटो नेऊ नका. हॉस्पिटलकडून बायोप्सीच्या काचा आणि ‘ब्लॉक’ मागून घ्या. तुमचा तुकडा मेणाच्या ज्या छोट्या वडीत ठेवलेला असतो तो ब्लॉक. उन्हात उभ्या गाडीत विसरू नका, मेण वितळतं. सीटी-पेटची सीडी, आधीच्या केमोची तारीखवार नोंद आणि चालू गोळ्यांची यादी एका फाइलमध्ये असू द्या. प्रत्येक वेळी परळचं टाटा मेमोरियलच गाठायला हवं असंही नाही. नागपूर, छत्रपती संभाजीनगर, बार्शी, मिरज इथे कॅन्सरची रुग्णालयं आहेत आणि बराचसा केमो घराजवळ घेता येतो. मुंबईला जावंच लागलं तर राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर रुग्णसेवा सदन यांची चौकशी आधी करा. रेल्वेच्या तिकिटात कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला सवलत असते. त्यासाठी हॉस्पिटलचा दाखला लागतो.

पैशांबद्दल संकोच न करता पहिल्याच भेटीत बोला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. आपला केमो, रेडिएशन, ऑपरेशन त्यात बसतं का हे त्याला विचारा. नव्या गोळ्या नेहमी बसत नाहीत. तेव्हा डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: याचं जेनेरिक मिळतं का, आणि कंपनीची रुग्ण-साहाय्य योजना आहे का? गेफिटिनिबचं जेनेरिक वर्षानुवर्षं मिळतंय. ओसिमर्टिनिब आणि डुर्वालुमॅब या दोन औषधांवरची कस्टम ड्युटी २०२४च्या अर्थसंकल्पात माफ झाली, तरी ती सामान्य घराला जडच आहेत. जमीन विकण्याआधी किंवा दागिने गहाण टाकण्याआधी, या औषधाने नेमका किती फायदा अपेक्षित आहे हे डॉक्टरांच्या तोंडून ऐका. या प्रश्नाचा राग येणारा डॉक्टर बदललेला बरा.

आता ताट. माझं म्हणणं थोडक्यात असं: या आजारात आहाराचं काम गाठ विरघळवणं हे नाही, उपचार सोसायला माणूस उभा ठेवणं हे आहे. म्हणून कुठल्याही पथ्याला एकच कसोटी लावा, वजनकाट्याची. दर आठवड्याला, त्याच वारी, सकाळी, त्याच काट्यावर वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. पथ्य सुरू केल्यावर वजन उतरत असेल तर ते पथ्य कितीही सात्त्विक असो, बंद करा.

‘साखर कॅन्सरला पोसते’ या समजाला थोडासा आधार आहे, म्हणून तो जात नाही. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी ग्लुकोज टोचतात आणि गाठ चमकते, कारण ती ग्लुकोज भराभर ओढते. पण शरीरातली प्रत्येक पेशी ग्लुकोज वापरते. तुम्ही साखरेसोबत खाणंच कमी केलंत तर शरीर स्नायू मोडून ग्लुकोज तयार करतं. गाठीचं अडत नाही, दंड-मांड्या मात्र उतरतात. मधुमेह असेल तर साखर सांभाळायलाच हवी, तेही जास्त काटेकोर, कारण केमोसोबत दिलेल्या स्टेरॉइडमुळे ती अचानक चढते. मधुमेह नसेल तर रुग्णाला शिरा खाऊ द्या. तूप घालून.

प्रथिनांचा हिशेब करा. कॅन्सरच्या रुग्णाला दर किलो वजनामागे रोज १ ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. ५० किलोच्या माणसाला ५० ते ७५ ग्रॅम. आपलं नेहमीचं शाकाहारी ताट पाहा. सकाळचे पोहे, दोन वेळच्या मिळून चार पोळ्या, पातळ वरण, भात, भाजी, दोन चहा. पूर्ण खाल्लं तर प्रथिनं जेमतेम ३५ ग्रॅम होतात, आणि रुग्ण अर्धंच खातो. दोन अंड्यांत १२ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९, मूठभर शेंगदाण्यांत ७, आणि बांगड्याच्या दोन चांगल्या तुकड्यांत २० ग्रॅमच्या आसपास. नेमक्या याच गोष्टी पहिल्याच आठवड्यात बंद केल्या जातात, आणि त्यांच्या जागी किवी आणि ड्रॅगनफ्रूट येतं. एका ड्रॅगनफ्रूटच्या पैशांत सहा-सात अंडी सहज येतात. फळं खाऊ नका असं नाही, पण ताकद अंड्यांतून, डाळीतून आणि दुधातून येते.

भूक मेलेल्या माणसाला तीन भरली ताटं वाढू नका. ताट पाहूनच त्याचं पोट भरतं. दर दोन-अडीच तासांनी वाटीभर द्या. अर्धी वाटी कण्या आणि अर्धी वाटी भाजलेली मूगडाळ कुकरला मऊ शिजवायची, घोटायची, मीठ, जिऱ्याची पूड आणि दोन चमचे तूप घालायचं. गॅसवर रटरटत असतानाच एक फेटलेलं अंडं धारेनं सोडायचं, ढवळत राहायचं आणि आणखी दोन-तीन मिनिटं उकळायचं. अंड्याचा वास येत नाही, पेज दाट होते. अंडं चालत नसेल तर गॅस बंद करून दोन मोठे चमचे दुधाची पावडर किंवा किसलेलं पनीर घाला. अशा पेजेची वाटी नुसत्या भाताच्या पेजेपेक्षा कितीतरी जास्त देऊन जाते. शेंगदाण्याचा लाडू, खजूर, सातूचं पीठ, अळिवाची खीर हे सगळं आपल्याच घरातलं आहे. बाळंतिणीला देतो तसं रुग्णाला द्यायला हरकत नाही.

उपवासाबद्दल स्पष्ट बोलतो. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार यातलं काहीही केमोच्या काळात करू नका. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतातच. ‘सोळा तास उपाशी राहिलं की पेशी साफ होतात’ ही नवी टूम वजन उतरत असलेल्या रुग्णासाठी नाही. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी रुग्णाच्या वाटचा उपवास करावा; देवाची त्याला हरकत नसावी.

केमोनंतर तोंडाची चव जाते, पाण्यालाही धातूची चव येते. स्टीलऐवजी चिनी मातीची बशी आणि लाकडी चमचा वापरून पाहा. लिंबू, कोकमाचं सार, आल्याचा तुकडा, पुदिना यांनी चव परत येते. फोडणीच्या वासाने मळमळत असेल तर स्वयंपाकाच्या वेळी रुग्णाला दुसऱ्या खोलीत बसवा आणि जेवण कोमट किंवा गार वाढा. मळमळीची गोळी उलटी झाल्यावर घेण्यात अर्थ नाही. सांगितलेल्या वेळी आधीच घ्या. छातीला रेडिएशन चालू असेल तर गणित उलटतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून अन्ननलिका आतून सोलल्यासारखी होते, घोट गिळताना दुखतं. तेव्हा लिंबू, कोकम, मिरची, लोणचं बाजूला. मऊ गुरगुट्या भात, नाचणीचं सत्त्व, गार दूध, कस्टर्ड, मऊ उपमा. केमोच्या शेजाऱ्याने सांगितलेला आहार रेडिएशनच्या रुग्णाने डोळे मिटून उचलू नये, तो याचसाठी.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी खाली येतात. त्या दिवसांत कच्ची मोड आलेली कडधान्यं, बाहेरची पाणीपुरी, उसाचा रस, कापून ठेवलेली फळं टाळा. घरचं ताजं, पूर्ण शिजवलेलं मटण किंवा मासा मात्र चालतो.

गोळ्यांचं आणि खाण्याचं भांडण असतं, आणि ते दुर्लक्षित राहतं. एर्लोटिनिब रिकाम्या पोटी घ्यायची: जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी. एएलकेसाठीची आलेक्टिनिब जेवणासोबत. पपनसाच्या जातीतली फळं, म्हणजे विशेषतः ग्रेपफ्रूट, यातल्या अनेक औषधांचं रक्तातलं प्रमाण बिघडवतात. आणि सर्वांत जास्त दिसणारी चूक पित्ताच्या गोळीची. आपल्याकडे प्रत्येक चिठ्ठीवर पँटोप्राझोल असतंच. पोटातलं आम्ल कमी झालं की गेफिटिनिब आणि एर्लोटिनिब नीट शोषल्या जात नाहीत. लाख मोलाची गोळी पाच-दहा रुपयांच्या गोळीपायी वाया जाऊ शकते. पित्त खरंच होत असेल तर कोणतं औषध, किती अंतराने, हे कॅन्सरच्या डॉक्टरांनाच विचारा. पेमेट्रेक्सेड हे केमोचं औषध चालू असेल तर उलट काही गोळ्या चुकवायच्या नसतात: रोजची फॉलिक ॲसिड आणि ठरलेलं बी-१२चं इंजेक्शन. ‘व्हिटॅमिनची तर गोळी’ म्हणून ती सोडणारे रुग्ण तोंडातल्या फोडांनी आणि पडलेल्या पेशींनी हैराण होतात.

काढे, रस, कॅप्सूल यांबद्दल. १९९४ साली फिनलंडमधल्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. सिगारेट ओढणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांना काही वर्षं गोळ्या देऊन पाहिलं होतं. गाजरात असतं ते बीटा-कॅरोटिन फुप्फुसाचा कॅन्सर टाळेल अशी आशा होती. झालं उलटंच: ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. गाजर खाणं वेगळं आणि गाजरातला एक घटक मोठ्या मात्रेत गिळणं वेगळं. आमटीतली हळद खुशाल खा. कर्क्युमिनच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय नकोत, त्या यकृताला आणि रक्त गोठण्याला त्रास देऊ शकतात. करोनाच्या काळात गुळवेलाचे काढे पिणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्याच डॉक्टरांनी केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. पण ज्याच्या यकृतावर आधीच कॅन्सरच्या औषधांचा भार आहे त्याने या वादाचा निकाल स्वतःच्या अंगावर लावून पाहू नये. लक्ष्मणफळाच्या पानांचा आणि बियांचा अर्क मज्जातंतूंना बाधू शकतो. जर्दाळूच्या कडू बियांतून सायनाइड तयार होतं.

वैद्यांकडे जाऊच नका असं मी म्हणत नाही. झोप, बद्धकोष्ठ, अंगदुखी यांसाठी जाणारे पुष्कळ आहेत. दोन अटी पाळा: काय घेताय ते कॅन्सरच्या डॉक्टरांना बाटलीसकट दाखवा, आणि ‘केमो बंद करा, मगच माझं औषध लागू पडेल’ असं म्हणणाऱ्याच्या पायरीवरून परत फिरा. २०१८ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी बऱ्या होण्याजोग्या कॅन्सरचे रुग्ण तपासले. प्रचलित उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका सुमारे अडीचपट होता. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये दुपटीहून थोडा अधिक.

दम लागणं हा या आजाराचा सर्वांत घाबरवणारा भाग. पोट भरगच्च असलं की श्वासाला जागा कमी पडते, म्हणूनही थोडं थोडं खाणं बरं. दम लागला तर झोपवू नका. खुर्चीत बसवून समोरच्या टेबलावर उशी ठेवा, कोपर त्यावर टेकवून पुढे झुकू द्या. नाकाने श्वास, आणि चहावर फुंकर घालतो तसा ओठ आवळून सावकाश उच्छ्वास. छोटा पंखा थेट चेहऱ्यावर धरला तरी धाप कमी वाटते. हे तपासून पाहिलेलं आहे. दम अचानक वाढला असेल तर छातीत पाणी झालेलं असू शकतं आणि ते काढता येतं.

‘पॅलिएटिव्ह’ विभागाची चिठ्ठी मिळाली की घरच्यांना वाटतं, डॉक्टरांनी हात टेकले. बोस्टनमध्ये पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर झालेला आणि २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वेगळं सांगतो. ज्यांना उपचारांसोबत सुरुवातीपासून ही सेवा मिळाली त्यांची मनःस्थिती चांगली राहिली, शेवटच्या काळातली ओढाताण कमी झाली, आणि ते जगलेही जास्त: ८.९ ऐवजी ११.६ महिने. वेदना, धाप, झोप, भीती यांवर काम करणारी ती मंडळी असतात. चिठ्ठीची वाट पाहू नका, आपणहून मागा. आणि ही सगळी बोलणी रुग्णाला खोलीबाहेर बसवून करू नका. त्याला बहुतेक सगळं कळलेलं असतं. किती ऐकायचं हे त्याला ठरवू द्या.

शेवटी एक कागद फ्रिजवर चिकटवा. त्यावर हॉस्पिटलचा तातडीचा नंबर आणि पुढच्या गोष्टी मोठ्या अक्षरात लिहा. केमोच्या काळात १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप. खोकल्यातून काही चमचे रक्त. चेहरा आणि मान सुजणं. एकाच पायाला सूज. पायांतली ताकद अचानक जाणं किंवा लघवी अडणं. आकडी, किंवा उलट्यांसह असह्य डोकेदुखी. इम्युनोथेरपी चालू असताना वाढलेला दम किंवा न थांबणारे जुलाब. यातलं एकही दिसलं तर घरची क्रोसीन देऊन सकाळची वाट पाहू नका; रात्रीचे दोन वाजलेले असले तरी फाइल उचला आणि हॉस्पिटल गाठा.